चौथी होमरन

२ ऑगस्ट १९७६

नऊ वर्षं या शाळेत शिट्टी फुंकतोय. कबड्डीत हरलो, खो-खोत हरलो, लेझमीत तिसरा नंबर आला तर संघच तीन होते. आज मुख्याध्यापक शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमचं ढालींचं कपाट रिकामंच आहे, त्यात झाडू ठेवायला काय हरकत आहे?" मी सगळ्यांबरोबर हसलो. शिपायाने दुपारी खरंच झाडू आणून ठेवले. घरी आलो तर जेवण जाईना. छत्तीस वर्षांचा झालो, माझ्या नावावर काही म्हणता काही नाही. म्हणून ही वही. हिच्यात तरी खरं लिहायचं.

डेव्हिडचं पत्र आलंय. हा अमेरिकन गडी चार वर्षांपूर्वी पलूसकडे कोंबड्या पाळायला शिकवायला आला होता. कोंबड्या मेल्या, पण जाताना तो मला दोन बॅटी, सहा ग्लोव्ह आणि बेसबॉलच्या विक्रमांचं एक जाड पुस्तक देऊन गेला. त्यावरच मी मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ उभा केला. खेळ तोच, चेंडू मोठा आणि मैदान लहान. त्याने लिहिलंय की यंदा एप्रिलात फिलाडेल्फियाच्या एका खेळाडूने शिकागोत एकाच सामन्यात चार होमरन मारल्या, म्हणजे चार वेळा एकाच फटक्यावर मैदानाची पूर्ण फेरी मारून आला. पुस्तकात असे नऊच आहेत. शंभर वर्षांत नऊ! हा दहावा.

पत्र चार वेळा वाचलं. अकरावा कोणी आपल्या भागातला झाला तर?

१९ ऑगस्ट

यशोधरा बनसोडे. अकरावीतली, बुद्धवस्तीतली पोरगी. हातपाय काटकुळे, पण बॅट फिरवते तेव्हा वाऱ्याचा आवाज येतो. आज तिने मारलेला चेंडू गावचे बडे बागायतदार लालासाहेब यांच्या उसात गेला तो सापडलाच नाही. आमच्या मैदानाला कुंपण नाही, तिन्ही बाजूंनी ऊस. त्यामुळे होमरन पळूनच काढावी लागते. मैदानातले तीन बेस आणि शेवटी जिथून चेंडू मारला ती जमिनीतली होम प्लेट, या चारही ठिकाणांना ओळीने शिवायचं, चेंडू परत यायच्या आत. एकाला जरी शिवायचं राहिलं तरी सगळं फुकट. आमची होम प्लेट कोंडीबा सुताराने बाभळीच्या फळीची करून दिली. पाच कोनांची, पांढरा रंग दिलेली. पोरी तिला पाटच म्हणतात.

खेळ संपल्यावर पुस्तकातलं वाचून दाखवतो. एका गोलंदाजाने १९७१ साली समोरच्या संघाला एकही धड फटका मारू दिला नाही आणि त्याच सामन्यात स्वतः दोन होमरन मारल्या. दुसरा एक जण, पहिल्यांदाच बॅट घेऊन उभा राहिला आणि होमरन मारली, पुढे वीस वर्षं खेळला पण दुसरी कधी झाली नाही. पोरी हसल्या. यशू हसली नाही. म्हणाली, "वीस वरसं खेळाय दिलं त्याला?"

५ सप्टेंबर

यशूचे वडील धोंडिराम माधवनगरच्या मिलमध्ये आहेत, रविवारचे घरी येतात. आज त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बाहेर खुर्ची टाकली, चहा केला. मी घेतला. माझ्या मनात असलं काही नसतं.

धोंडिराम फिरवून बोलत नाहीत. "गुरुजी, पोरगी अकरावी झाली की मिलमदी बॉबिन भराय लावायची, मुकादमाला सांगून ठेवलंय. घरात खाणारी तोंडं सात हायती."

मी म्हणालो, "राज्याच्या संघात नाव आलं तर शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जागा मिळते, वसतिगृहासकट. दोन वर्षांत शिक्षिका होईल. शेजारच्या तालुक्यातली एक मुलगी गेली आहे."

त्यांनी विचारलं, "नाव येईल व्हय?"

"डिसेंबरात साताऱ्याला सामने आहेत. तिथेच निवड होते."

"मग तवर थांबतो. न्हाई आलं तर मातर मला काय बोलू नगासा."

दाराआड यशू उभी होती. तिची आई मुक्ताबाई तिच्या वेणीला उगाचच पीळ घालत होती. परत येताना सायकलवर मी एकच हिशेब करत होतो, सात डावांत तिच्या वाट्याला चार वेळा तरी बॅट यायला हवी. तिच्या कॉलेजाचं माझ्या मनात जेमतेम असेल. हेही खरंच लिहितो.

खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा. सुताराचा रंधा पुजतात, शेतकऱ्याचा नांगर पुजतात, मग आम्ही बॅटी का पुजू नयेत? कल्पना माझीच. मैदानावर पाटाभोवती बॅटी, ग्लोव्ह, चेंडू मांडले. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून लालासाहेब आले. त्यांच्या आई साळूबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. लालासाहेबांनी पाटावर कुंकू वाहिलं, नारळ फोडला, झेंडूची फुलं ठेवली. मग मी म्हटलं, प्रत्येक मुलीने एक फेरी मारून दाखवावी.

चौघी पळाल्या, काही झालं नाही. पाचवी यशू. मी शिकवलं तशी दण्णकन पाटावर पाय देऊन थांबली. साळूबाई ओरडल्या, "अगं ए! पूजेला पाय लावतीस, आन् तू?" म्हाताऱ्या माणसांचं असतंच काहीतरी. त्यांनी पाणी मागितलं, मी तांब्या नेऊन दिला. त्यांनी पाट धुतला, पुन्हा कुंकू लावलं. पाच मिनिटं गेली असतील. बाकी कार्यक्रम झकास झाला. पेढे वाटले. यशू पेढ्याला थांबली नाही, घाईत असावी.

११ ऑक्टोबर

यशूला नवीनच खोड लागली आहे. फेरी मारून आली की पाटाशी वाकते, बोटं टेकवते आणि कपाळाला लावते. नियमाने हात लावला तरी चालतो. पण वाकण्यात वेळ किती जातो! आज मी घड्याळ लावून दाखवलं, पाऊण सेकंद. पाऊण सेकंदात चेंडू येऊन पोरगी बाद होते.

"हा काय देवळाचा उंबरा आहे का?" मी सगळ्यांदेखत झापलं. "पुन्हा वाकलेली दिसलीस तर संघाबाहेर काढीन."

ती काहीतरी बोलणार होती. मी शिट्टी वाजवली.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा सराव जोरात. मुख्याध्यापक कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेस गोळा करण्यात गुंतले आहेत. माझ्यावरही तीन लादल्या आहेत, पण मैदानावर त्यांचा पाय पडत नाही हे उपकारच.

पहिल्या बेसचं वळण नीट घेतात की नाही हे बघायला मी तिथेच उभा असतो. शेवटाला पोरी "आली!" म्हणून ओरडल्या की घड्याळ बंद करायचं. यशूचा वेळ पाऊण सेकंदाहून जास्तच कमी झालाय. वाकणं बंद केल्याचा फायदा. शिस्तीसाठी कधीकधी कडक बोलावं लागतं.

तरी अलीकडे ती बोलत नाही. पूर्वी विक्रमाचं पुस्तक मागून न्यायची. आता विचारलं तर म्हणते, "वाचलंय, सर."

मला भीती वाटते आहे. चार नाही झाल्या तर? आपण पुन्हा तसेच, झाडूंच्या कपाटाचे मालक.

१४ डिसेंबर, सातारा

एका शाळेच्या वर्गखोलीत उतरलो आहोत. आजचे दोन्ही सामने जिंकलो. यशूच्या एकूण तीन होमरन, तिन्ही इतक्या लांब गेल्या की ती आरामात आली. उद्या अंतिम सामना साताऱ्याच्याच संघाशी.

पोरी गोल करून जेवल्या. यशू आपली भाकरी घेऊन बाहेर पायरीवर बसली. तिला मोकळी हवा आवडते बहुतेक. मी विचारलं नाही.

लालासाहेब आणि साळूबाई जीप घेऊन आले आहेत. गावाचं नाव होणार म्हटल्यावर येणारच.

१५ डिसेंबर

काही लिहवत नाही. सात-सहाने हरलो.

१६ डिसेंबर

अजून साताऱ्यातच आहोत, उद्या सुनावणी आहे. आज सगळं लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

सामन्याआधी लालासाहेबांनी पंचांची परवानगी काढून होम प्लेटवर कुंकू वाहिलं आणि बाजूला नारळ फोडला. मीच म्हटलं होतं, शुभ असतं. दोघं मायलेकरं तिथेच मागे खुर्च्या टाकून बसली.

पहिल्या डावात यशूची होमरन. तिसऱ्या डावात दुसरी. पाचव्या डावात तिसरी, चेंडू पार अजिंक्यताऱ्याच्या अंगाला गडगडत गेला. या तिन्ही वेळा ती वाकली, बोटं टेकवून कपाळाला लावली. मी दात खाल्ले, पण वेळ भरपूर होता म्हणून गप्प बसलो. माझ्या शेजारी निवड समितीचे एक गृहस्थ बसले होते, ते वहीत काहीतरी लिहीत होते. मी त्यांना डेव्हिडच्या पत्रातलं सांगितलं, शंभर वर्षांत दहा. ते म्हणाले, "खरं की काय!"

सातवा, शेवटचा डाव. साताऱ्याचे सात, आमचे सहा. आमच्या दोघी बाद. बॅट यशूकडे. आता होमरन झाली तर बरोबरी, आणि चौथी!

तिने मारला. तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. चेंडू दोन पोरींच्या मधून गेला, पण त्यांच्यातली एक वाऱ्यासारखी पळाली आणि तिने उचलून फेकला. यशू तिसरा बेस सोडून वळली तेव्हा चेंडू हवेत होता. मी उठून बोंबललो, "वाकू नको! यशू, वाकू नको! पळ!"

तिने ऐकलं. मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग समोर, खुर्च्यांकडे बघितलं. आणि प्लेटवरून सरळ उडी मारून पलीकडे गेली. चेंडू नंतर पोचला, चांगला हातभर उशिरा.

मी नाचत होतो. पोरी नाचत होत्या. प्लेटमागे झेलायला असलेल्या साताऱ्याच्या कॅचर पोरीने शांतपणे चेंडू हातात धरून प्लेटवर पाय ठेवला आणि पंचांना विचारलं. पंच म्हणाले, "पाय लागला नाही. हातही नाही. बाद."

बस्स, संपलं. यशू पलीकडे उभी होती. प्लेट तिच्यापासून दीड हातावर होती.

मी पंचांच्या अंगावर धावून गेलो. काल संध्याकाळी तक्रार लिहून दिली. पाय लागला होता असं लिहिलं, आणि पंच साताऱ्याच्या लोकांच्या घरी जेवले आहेत असंही लिहिलं. ते जेवलेत की उपाशी आहेत, मला काय ठाऊक? रागात लिहिलं.

१७ डिसेंबर

टेबलामागे तिघे जण. यशूला बोलावलं. आत जायच्या आधी मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "लागला होता म्हण. एवढंच म्हण. तुझं कॉलेज, तुझं सगळं यावर आहे."

त्यांनी विचारलं, "बाळ, पाय लागला होता?"

"न्हाई. मी वरनं उडी मारली."

"का गं?"

दारात लालासाहेब उभे होते. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "चुकून."

लालासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हंबीरराव, पोरींस्नी नियम तरी शिकवायचा हुता की."

बाहेर आल्यावर मी यशूला नाही नाही ते बोललो. शेवटी एक असं बोललो की जवळ उभ्या असलेल्या दोन पोरी मागे सरकल्या. वहीत खरं लिहायचं ठरवलं होतं, पण ते वाक्य लिहीत नाही.

यशू रडली नाही. एसटीत शेवटच्या बाकावर बसून आली.

२८ डिसेंबर

निकाल आला. पंचांवर खोटा आरोप केल्याबद्दल शाळेवर दोन वर्षांची बंदी. या शाळेच्या कोणत्याही खेळाडूचा निवडीसाठी विचार होणार नाही. मुख्याध्यापकांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि ते निघून गेले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

११ जानेवारी १९७७

सांगलीत शिक्षकांच्या बैठकीत निवड समितीचे ते गृहस्थ भेटले. मी तोंड चुकवत होतो, त्यांनीच गाठलं.

"अहो, असं का केलंत? तिसऱ्या होमरनलाच मी त्या पोरीचं नाव वर लिहून ठेवलं होतं. यादीत पहिलं. हरलात म्हणून काय झालं असतं? तक्रार केली नसती तर ती आज पुण्याच्या शिबिरात असती."

मी हातातला चहा तसाच ठेवला. सांगलीहून गावी कसा आलो ते आठवत नाही. पत्नीने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, ऊन लागलं. जानेवारीत.

चौथी झाली नसती तरी चालणार होतं. तिला तीन पुरेशा होत्या. चौथी मलाच हवी होती.

२३ जानेवारी

धोंडिराम शाळेत आले. मी तोंडावर बोलणी खायची तयारी केली होती. ते म्हणाले, "मी सांगितलंवतं, मला काय बोलू नगासा. तवा मीबी तुमास्नी काय बोलत न्हाई. दाखला तेवढा काढून द्या. परीक्षेपतूर थांबाय मुकादम तयार न्हाई."

"निदान परीक्षा होऊ द्या. दोन महिने राहिले आहेत."

"ती सोताच म्हणाली, जाते म्हणून."

दाखल्यावर वर्गशिक्षकांची सही लागते. अकरावी ब चा वर्गशिक्षक मीच.

२ मार्च

सराव बंद. ग्लोव्हना बुरशी आली. निवडणुकीच्या सभा मैदानावर होतात. लालासाहेब परवा हसत म्हणाले, "पुढल्या साली मुलींची लेझीम बसवा, हंबीरराव. त्यात काय भानगड न्हाई." मीही हसलो. हसायची सवय काही जात नाही.

एक गोष्ट सुटत नाही. जी पोरगी तीन वेळा वाकते ती चौथ्यांदा उडी का मारते? माझ्या ओरडण्याने घाबरली म्हणावं तर पाय का नाही दिला? नुसता पाय द्यायचा होता. पळत्या माणसाला पाय देणं सोपं, उडी अवघड. रोज रात्री अंथरुणावर तिला पुन्हा पळवतो आणि ती पुन्हा उडी मारते.

९ एप्रिल, सांगली एसटी स्टँड

आज माधवनगरला गेलो. मिलच्या फाटकासमोर तासभर उभा होतो. दुपारच्या पाळीच्या बायका येत होत्या, त्यांच्यात यशू दिसली. डोक्याला फडकं बांधलेलं, डबा काखेत. दोन महिन्यांत गाल आत गेलेत. मला बघून थांबली, डबा दुसऱ्या हातात घेतला.

"सर, तुमी हितं?"

मी माफी मागायला गेलो होतो. वाटेत शब्दही जुळवले होते. तोंडातून निघालं ते दुसरंच.

"यशू, एकच सांग. तू पाय का लावला नाहीस?"

"खरंच ठावं न्हाई तुमास्नी?"

"नाही."

"पाय लावला तवा पाट धुतला. मग हात लावाय लागले, तर तुमी संघातनं काढीन म्हणालासा. मग काय करायचं? उडी माराय लागले. दोन म्हैनं रोज उडीच मारत हुते, सर. समद्या पोरींस्नी ठावं हुतं. तुमी तिकडं घड्याळ बगत हुतासा."

"पण साताऱ्यात... तो सामना होता, यशू."

"साळूबाई समोरच बसल्यावत्या. कुकू वाहिलेलं. लांब मारला तवा वाकाय येळ गावला. चौथ्याला तुमीच वरडलासा."

रस्त्याने ट्रक जात होते. तिने विचारलं, संघातल्या बाकीच्या पोरी काय करतात. मी म्हटलं, लेझीम. ती जरा हसली.

मग मी म्हणालो, आणि हे म्हणताना मला ते बरोबरच वाटत होतं, "अगं, मग मला सांगायचं होतंस. तेव्हाच्या तेव्हा सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं, सर?"

तिने रागाने विचारलं नाही. खरंच विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली. भोंगा झाला. तरी ती आणखी थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "जाते. उशीर झाला की खाडा मांडत्यात," आणि बायकांच्या घोळक्यात पळत आत गेली.

स्टँडवर बसून हे लिहितोय. गावची गाडी मघाशीच लागली आणि गेलीसुद्धा. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे फाटकापाशीच येत होतं आणि तिलाही येत होतं. काहीच केलं नसतं.